टकळी, जाळं आणि माणूस दाखवा

सई, निखिल,

तुमच्या गावात शाळेत काय शिकवायचं यावर सभा झाली, तुमची आई उठून बोलली आणि ठरवणाऱ्यांनी समोर बसून उत्तरं दिली, असं परवा फोनवर सांगितलंत. तेव्हापासून चिंचणीचे एक हेडमास्तर माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून आजच लिहायला बसले.

डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, समुद्रात होडी शोधावी तसे ते समोर बघत आणि म्हणत, "खात्याचं नाव नको, बाई. माणूस दाखवा."

मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. ते कोळीवाड्याजवळच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत वाढलेले, धोतर स्वच्छ, आवाज मोठा. त्यांचं भांडण सूत कातायच्या एका टकळीवरून सुरू झालं.

अभ्यासक्रमात हस्तोद्योग सक्तीचा होता आणि त्यांच्या शाळेच्या वाट्याला सूतकताई आली होती. कापूस आमच्याकडे पिकत नाही. तालुक्याहून आलेले कापसाचे पेळू खाऱ्या वाऱ्याने ओलसर होत, धागा तुटे, मुलं रडकुंडीला येत. त्यातच काशी नावाची मुलगी सहावीत नापास झाली.

तिची आई मासळीची पाटी घेऊनच शाळेत शिरली. "मास्तर, घरातलं अर्धं जालं माजी पोर विनते. ती हातानं नापास?"

"टकळीत कमी पडली, काकू."

"मंग टकळीनं मासं धरायचं काय आमी? पुन्ना नापास झाली तर घरी बसवीन. सांगून ठेवते."

हेडमास्तरांना ते लागलं. जाळं विणणं हाही हस्तोद्योग धरा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पालघरला गेले. तिथे म्हणाले, आमच्या हातात नाही, ठाण्याला जा. ठाण्याला सांगितलं, शाळा आमच्या, अभ्यासक्रम सरकारचा. पुण्याला विचारलं तर उत्तर आलं, आपल्या जिल्ह्यामार्फत यावे. जिल्ह्याने पुन्हा पालघरला पाठवलं.

मग ते इंग्रजीत छापलेला शिक्षणाचा कायदा घेऊन माझ्याकडे आले. "वाचा बाई. ठरवतो कोण?"

मी वाचलं. "राज्य सरकार. स्पष्ट लिहिलंय."

"सरकार कुठे बसतं? खुर्ची सांगा, मी जाऊन उभा राहतो."

ते त्यात लिहिलेलं नव्हतं. मला प्रत्येक वस्तू तिच्या जागी लागते, तुम्हाला ठाऊकच आहे. त्या कायद्यात सगळं जागच्या जागी होतं आणि तरी या माणसाला जायला जागा नव्हती. मी अजूनही चिडते.

शेवटी त्यांनीच युक्ती काढली. वर्षाच्या तपासणीला साहेब येणार होते. काशीने आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून एक लांब जाळं विणलं आणि ते मैदानात दोन बांबूंना ताणून बांधलं. साहेब विचारतील, हे कोणी केलं? मग बोलता येईल. शिकायला म्हणून हेडमास्तरही विणायला बसत. काशी त्यांच्या गाठी उसवून पुन्हा घालायची. "तुमी राहू द्या गुर्जी. मासा हसंल."

साहेब आले, जाळ्यापाशी थांबले.

"वा! व्हॉलीबॉलची सोय उत्तम केलीत!"

"साहेब, हे मुलींनी विणलंय. हाच हस्तोद्योग..."

"हो हो, खेळाला प्रोत्साहन हवंच. आणि टकळ्या कुठे आहेत?"

शेऱ्यात खेळाचं कौतुक झालं. सूतकताई असमाधानकारक. काशी पुन्हा नापास झाली आणि आईने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून ती पाटी घेऊन आईच्या मागून बाजारात जाऊ लागली. हेडमास्तर शाळेच्या दारात उभे होते. तिने हाक मारली, "गुर्जी, बोंबील घ्या, ताजे हायत!" शाकाहारी माणूस तो. घेतले, आणि मला आणून दिले.

पुढे त्यांची जव्हारकडे बदली झाली. तिथली मुलं बांबूच्या टोपल्या विणतात, आणि टकळ्या तिथेही पोचल्या होत्या, असं ऐकलं. ते पुन्हा पालघर, ठाणे, पुणे फिरले असणार. मला पुन्हा भेटले नाहीत.

टकळी नंतर अभ्यासक्रमातून गेली. कोणी काढली, तेही कधी कळलं नाही.

जाळ्यावर मुलं बरीच वर्षं खेळली. फाटल्यावर त्याचा हातभर तुकडा मी मागून घेतला. तो माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. गाठी अजून पक्क्या आहेत.