टॉवरची पॉवर उतरवली त्या दुपारी

ऑफिसात तिला सगळे हळूबाई म्हणत. मोबाइलच्या टॉवरांना हळू बोलायला लावणं हेच तिचं काम. दाटीवाटीच्या वस्तीत टॉवर जवळजवळ आले की एकाचा सिग्नल दुसऱ्यात घुसतो आणि लागलेले फोनही मध्येच तुटतात. मग कुणाची पॉवर किती उतरवायची ते ती ठरवी.

त्या दुपारी तिने बाजारामागच्या टॉवरची पॉवर उतरवली. तक्रारी भराभर ओसरल्या. साहेब म्हणाले, "झकास!"

तिचे वडील, अण्णा, त्याच भागात एकटे राहत. बायपास झालेले. आवाज कसा येतोय ते विचारावं म्हणून तिने सहज फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

आपल्यामुळेच त्यांच्या मागच्या खोलीतला सिग्नल गेला असेल तर? छातीत कळ आली असेल, हातात फोन असेल, आणि लागत नसेल तर?

"साहेब, पॉवर परत चढवते."

"अगं, बाकीच्यांचे फोन तुटतील."

"तुटू देत!"

तिने चढवली. पडद्यावर तक्रारींची रांग पुन्हा लागली. अण्णांचा फोन मात्र लागेना. आता टॉवरलाही दोष देता येईना. साहेबांनी तिच्या हातून माउस काढून घेतला.

"इथलं मी बघतो. तू पळ आधी."

अण्णांच्या इमारतीत वीज गेलेली. धापा टाकत ती वर पोचली, तर दाराला कुलूप. ती शेजारणीचं दार ठोठवायला वळली. तेवढ्यात लिफ्टच्या बंद दारामागून ठकठक ऐकू आली.

"अण्णा!"

"ओरडू नकोस, ऐकू येतंय मला." सूर नेहमीचा तिरका, पण थरथरणारा. "दूध आणायला निघालो होतो. फोन लावून लावून थकलो गं. वाटलं, आता कुणी येत नाही."

त्या लोखंडी पेटीत कुठल्याच टॉवरचा सिग्नल पोचत नव्हता. लिफ्टवाला येऊन दार उचकटेपर्यंत ती फटीला तोंड लावून बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. अण्णा बाहेर आले तेव्हा सदरा घामाने चिंब होता आणि हात बर्फासारखे गार. दोघंही तिथेच पायरीवर बसली.

पॉवर पुन्हा उतरवणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी तिने ती उतरवली. मग साहेबांच्या मागे लागून तिने त्या लिफ्टजवळ एक छोटा अँटेना बसवून घेतला.

"आता लिफ्टमधून फोन लागतो, अण्णा. लावून बघा ना."

"तूच बघ," अण्णा म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरू लागले.