वारा पाहून बसणारे सुभेदारकाका

सुभेदारकाका कुठेही बसण्याआधी वाकून चिमूटभर माती उचलत आणि हवेत सोडत. माती जिकडे उडे त्याच्या उलट बाजूला बसत. नालवाडीतल्या आमच्या किराणा दुकानासमोरच्या बाकड्यावरही रोज हाच सोहळा. हिंगणीच्या एका लग्नात आचाऱ्याच्या चुलीचा धूर येतो म्हणून त्यांनी अख्खी पंगत उठवून दुसरीकडे बसवली. नवरदेवाच्या मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

कोणी कचरा पेटवला की संपलंच. "काऊन जाळून राह्यले बे प्लास्टिकच्या पन्न्या?" ही आरोळी थेट चौकापर्यंत जाई.

सवय फौजेतली. डोंगरातल्या एका चौकीवर छावणीचा कचरा खड्ड्यात जाळण्याचं काम काही वर्षं त्यांच्याकडे होतं. पन्न्या, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, वरून डिझेल. सांगताना ऐट अशी, की जणू तोफच चालवत होते. "वारा पाहून उभं राह्यचं, बस. नव्या पोरायले मीच शिकवलं. उस्ताद म्हणत मले." थुंकी काळी पडायची म्हणे. "गरम पाणी पेलं का साफ!" आम्हीही हसायचो.

मग दुकानाच्या पायऱ्या चढताना त्यांना धाप लागू लागली. खोकला तर थांबेचना. मी त्यांना आणि काकूंना दवाखान्यात घेऊन गेलो. छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "बिडी किती वर्षांपासून ओढता?" ज्या माणसाने उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याला हा प्रश्न! काकू नवऱ्याकडे अशा बघू लागल्या, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "खरं सांगा नं," त्या म्हणाल्या.

काकांनी खड्ड्याचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "टायरसुद्धा? तोंडाला काय बांधत होता?"

"ओला रुमाल."

फुप्फुसं त्या धुरानेच गेली असावीत, आणि गेलेली परत येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. काका म्हणाले, "पण मी तं वारा पाहूनच उभा राह्यलो नं, साहेब?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "डोंगरातला वारा एका दिशेला टिकतो का हो?"

त्या दिवसापासून त्यांनी माती उडवणं सोडलं. बाकड्यावर बसून फौजेतल्या आपल्या जुन्या पोरांना फोन लावत, मध्येच दम घ्यायला थांबत. "छाती दाखवून येजो. वाऱ्याच्या भरवशावर राहू नको." स्वतःच्या दुखण्यापेक्षा आपण शिकवलेलं खोटं निघालं, याने ते हादरले होते. तळेगावचा एक जण फोनवर हसला, "उस्ताद, मी ठणठणीत आहो. तुमचंच ऐकलं होतं नं!" त्या दिवशी काका चहा न पिताच घरी गेले.

नंतर फार दिवस ते राहिले नाहीत. बाकडं रिकामं दिसलं की अजूनही मला धक्का बसतो.

स्मशानात तो तळेगावचा माणूस आला होता. चांगला धिप्पाड. उस्तादांचा चेला, अशी ओळख त्यानेच करून दिली. चिता पेटली तसा तो वाकला, चिमूटभर माती हवेत सोडली आणि धुराच्या उलट बाजूला जाऊन ताठ उभा राहिला. हुबेहूब काका! तशातही मला हसू येणार होतं.

तेवढ्यात तो खोकला. मग पुन्हा, गुडघ्यांवर हात टेकून, थांबेचना. धूर तर पलीकडे चालला होता. आणि तो खोकला मी दुकानासमोर रोज ऐकलेला होता.