खलास टीचर

जून लागला की इथे आखातात, आमच्या दार्सैतमधल्या शिकवण्या जोरात सुरू होतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या इतिहासाच्या बाई मात्र सुट्टीच्या पहिल्याच दिवशी फळा पुसायच्या, त्याचं तोंड भिंतीकडे करायच्या आणि ओरडायच्या, "अभ्यास खलास! यल्ला, पळा!" मुलं त्यांना खलास टीचर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

मी साहेबांकडे स्वयंपाकाला आहे. त्यांची रेवा बाईंकडे शिकायची. तिला आणायला गेले आणि जमिनीवर बसू लागले की बाई म्हणायच्या, "खुर्ची काय शोभेला ठेवलीय?" पालकांनाही त्या असंच ऐकवायच्या. "दोन महिने पोरं वाया जातात" म्हटलं की म्हणत, "मूल म्हणजे दूध नव्हे, बाहेर राहिलं म्हणून नासायला."

त्या वर्षी साहेबांनी ठरवलं, गावाला जायचं नाही, रेवाला सुट्टीतही शिकवणी. म्हणजे माझीही रजा गेली. माझी मुलगी मंगल गावी माझ्या आईकडे होती. दोन वर्षांत भेट नाही. फोनवर ती आता नुसतं "हं, हं" करायची.

हे कळल्यावर बाई तावातावाने साहेबांकडे आल्या. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, ही सुट्टी अमेरिकेत निघाली ती पोरांना शेतात राबायला मिळावं म्हणून. आमची रेवा काय नांगर धरणार आहे?"

मी चहा घेऊन आले होते. बाई माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, तुझी शाळा का सुटली गं?"

साहेबांसमोर मी कधी बोलत नाही. मी कप खाली ठेवले. "लावणीला घरी ठेवलं. मग कापणीला. चौथीनंतर गेलेच नाही."

"आणि मे महिन्यात शेतात काय करायचीस?"

"मे महिन्यात शेतात काय असतं बाई? करवंदं खात हिंडायचो."

"ऐकलंत? शेतकऱ्याला पोर हवं पेरणीला नि कापणीला. तिकडेही खेड्यातल्या शाळा तेव्हाच बंद असत, उन्हाळ्यात भरत. ही सुट्टी शहरातली. वर्गांच्या भट्ट्या होत, पैसेवाले पोरांना घेऊन थंड हवेला जात. रिकाम्या बाकांना शिकवून काय करणार?"

साहेब हसले. "इतिहास राहू दे. तुम्ही शिकवणार नसाल तर दुसरे आहेत."

आठवड्यात बाईंची बहुतेक मुलं दुसरीकडे गेली. पण बाईंनी भिंतीकडे केलेला फळा काही परत फिरवला नाही.

ते बघून मलाही जोर आला. पोळी वाढताना मी म्हटलं, "साहेब, करारात दर दोन वर्षांनी माझी रजा लिहिलीय. मी जाणार."

"मग इथलं कोण बघणार?"

"ते तुम्ही बघा."

"मावशी, मी पण येऊ?" रेवाने विचारलं. साहेबांनी ताट बाजूला सारलं. पण तिकीट काढलं. माझं एकटीचं.

परत आले तर बाई सामान बांधत होत्या. गेलेली मुलं परत आली नव्हती. मला रडू आलं. "तुम्ही हरलात ना, बाई?"

"मंगल भेटली?"

"भेटली. पहिले दोन दिवस जवळ येईना. मग सोडेना."

"मग कोण हरलं?" म्हणाल्या, आणि खोक्याची दोरी धरायला लावली.

बाई पुण्याला गेल्या. आता माझ्या रजेचं वर्ष आलं की मी साहेबांकडे रजा मागत नाही. तारीख सांगते.