मागून वाचायचं नाही

महाडला तहसील कचेरीबाहेर टंकलेखनाचं टेबल मांडून मी आयुष्य काढलं. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भावाभावांतल्या वाटण्या. एकाचं काम चालू असताना दुसरा हळूच माझ्या पाठीमागे येऊन वाकायचा. मी हात थांबवायचे आणि मशीनवर टॉवेल टाकायचे. "बाय, मी काय वाचत नाय," तो म्हणायचा. सगळेच तसं म्हणत. समोर येऊन बसल्याशिवाय टॉवेल निघत नसे. त्यावरून लोक मला खडूस म्हणायचे, आणि मला ते मनापासून आवडायचं.

आता मी पोलादपूरच्या घरी एकटी असते. मुलगा मुंबईला. त्याने त्याचा जुना कॉम्प्युटर मला आणून दिला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. माझं काही अडलं तर तिथूनच दुरुस्त करता यावं म्हणून एक ॲपही टाकलं. तेव्हापासून रोज कोपऱ्यात एक सूचना यायला लागली: हे ॲप स्क्रीनवर उघडं नसतानाही मागे चालू आहे. चालू द्यायचं, एवढ्यापुरतं चालू द्यायचं, की बंद करायचं? मुलाला विचारलं तर म्हणाला, नुसती कटकट आहे, कायमचं हो म्हणून टाक. मी मात्र रोज 'एवढ्यापुरतं'च दाबायचे. कायमचं म्हणून कुणाला काही लिहून देणाऱ्यांचे हाल मी कचेरीबाहेर फार पाहिले होते.

एके दुपारी मी एक जाहिरात टाइप करत होते. पडवीकडची खोली भाड्याने देणे आहे, नोकरी करणाऱ्या मुलींना प्राधान्य. इथल्या दवाखान्यातल्या दोन नर्स महाडहून रोज ये-जा करून टेकीला आल्या होत्या. खोली वर्षभर बंद, उघडायची ती मुलाच्या कुटुंबासाठी गणपतीत. कागद अजून छापलाही नव्हता, तोच मुलाचा फोन.

"आई, खोली कुणाला देतेयस? आधी विचारायचंस ना."

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं. तो हसला. तुझ्या स्क्रीनवर दिसलं, म्हणाला, सहज बघत होतो.

सहज! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो पुढे बोलतच होता. ओळख ना पाळख, उद्या काही झालं तर, गणपतीत आम्ही झोपायचं कुठे. त्याची काळजी खोटी नव्हती, एवढं मला कळतं. पण घर माझं, खोली माझी, आणि अर्धवट लिहिलेली ओळसुद्धा माझीच. फोन ठेवला आणि पुन्हा ती सूचना वाचली. मागे कुणीतरी आहे, हे ते यंत्र मला रोज सांगत होतं. पोटच्या पोराने एकदाही सांगितलं नव्हतं. मी 'बंद करा' दाबलं. नक्की का, असं यंत्राने विचारलं. नक्की.

संध्याकाळी पुन्हा फोन. आता काहीच दिसत नाही म्हणे, सूचना आली असेल तर हो म्हण.

"नाही म्हटलंय मी."

"अगं, पण मी मुलगा आहे तुझा."

"म्हणून तर तोंडावर सांगतेय. बघायचं असेल तर एसटी पकड आणि समोर येऊन बस."

नर्स मुली आल्या. खोलीत त्यांच्या हसण्याचा आवाज असतो, आणि मला तो बरा वाटतो. गणपतीला मुलगाही सहकुटुंब आला, माजघरात झोपला, पाठ धरल्याची तक्रार करत राहिला. मी ऐकून घेतली, खोली काही रिकामी केली नाही.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत होते. सवयीने तो चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी हात थांबवले. थोडा वेळ तो तसाच घुटमळला, मग खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे बसला. तिथून त्याला स्क्रीनची नुसती पाठ दिसत होती.

मग मी पुढची ओळ लिहिली.