एकाआड एक मांडलेली फुलं

धाकट्या भावाने नोकरी सोडून आवाज साफ करणारा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हा आम्ही विरारजवळ गास गावात राहत होतो. मुंबईतल्या एका स्टुडिओने त्याला सांगितलं होतं, आमच्या कामात नीट चालला तर घेऊ. त्याची सगळी भिस्त त्या स्टुडिओवरच होती. माजघरात त्याचा कॉम्प्युटर होता आणि तिथेच खाली बसून मी वाडीतला मोगरा आणि अबोली ओवायची. मी चौथी शिकलेली. त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचत नसे.

एकदा त्यानेच समजावलं. गाणं दोन कानांसाठी वेगळं असतं, डावं आणि उजवं. स्टुडिओचं मोठं सॉफ्टवेअर त्याचे बारीक तुकडे करून याच्या प्रोग्रामकडे देणार. पुढचा तुकडा यायच्या आत हातातला साफ करून परत द्यायचा. उशीर झाला की आवाज तुटतो. तुकडा ठेवायच्या जागेला तो बफर म्हणायचा. त्यात डावं-उजवं एकाआड एक ठेवावं, की दोन्ही वेगवेगळं, इथे तो अडला होता.

माझ्यापुढे ओल्या फडक्यावर फुलं मांडलेली होती. एक मोगरा, एक अबोली. न बघता हात चालत होता. तो बघत राहिला.

"ताई, असं मांडलं की लवकर होतं का गं?"

"हो. शोधावं लागत नाही."

आई आतून म्हणाली, "आता कॉम्प्युटरलाही वेणी घाल."

ओवण्यापेक्षा मांडायलाच जास्त वेळ जातो, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण शिकलेल्या माणसाने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून त्याचा चेहरा उजळला होता. मी पुढचा मोगरा उचलला.

त्याने एकाआड एक ठेवलं. घरी एका गाण्यावर छान चाललं. स्टुडिओत एकाच वेळी पुष्कळ ट्रॅकवर लावलं तेव्हा मध्ये मध्ये आवाज तुटून कट्-कट् ऐकू यायला लागलं. त्यांचं सॉफ्टवेअर डावं आणि उजवं वेगळं देत होतं आणि वेगळंच परत मागत होतं. हे त्याला ठाऊक होतं, पण मिसळायला असा कितीसा वेळ लागणार, असं त्याला वाटलं. प्रत्येक तुकडा आधी मिसळायचा, मग साफ करायचा, मग पुन्हा निवडायचा. त्यातच उशीर होत होता. त्यांनी नको म्हणून सांगितलं.

घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा मी मांडण्याच्या वेळेचं बोलले. तो चिडला नाही.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"



त्याने दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून सगळं पुन्हा लिहिलं. ते नीट चाललं. तोवर स्टुडिओने दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम घेतला होता. मग त्याने विरारला एका ऑफिसात नोकरी धरली.

आता तो रविवारीच घरी असतो. मी फडकं ओलं करून फुलं मांडायला बसले की तो उठतो आणि वाडीत जातो. फुलं ओवून संपेपर्यंत आत येत नाही.