पाइपाला न पाडलेलं भोक

रायपुरात एकट्या माणसाला खोली मिळत नाही, हे मला बऱ्याच घरांनी हिंदीत समजावून सांगितलं होतं. मग एका घरी मालकांनी, म्हणजे काकांनी, दार उघडलं, माझी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, "मराठी आहे ना तू? मंग हिंदीले कायले त्रास देऊन राहिला?" मागच्या अंगणातली खोली मिळाली. तेव्हापासून काका काहीही म्हणोत, माझ्या तोंडून "हो काका" निघतं. आठवीतून शाळा सोडून घरापासून इतक्या लांब येऊन पडलेल्या माणसाकडं दुसरं काय असणार?

काका रेल्वेतून रिटायर झालेले. रिटायर माणसाला हुकूम सोडायला कोणीतरी लागतं. काकूंनी ते काम फार पूर्वीच नाकारलं होतं, म्हणून काकांनी मासोळ्या आणल्या.

हॉलमध्ये भलामोठा काचेचा टँक, त्याच्या खालच्या कपाटात दुसरा, लहान. वरचं पाणी खाली उतरणार, स्पंजातून गाळून निघणार आणि पंप ते परत वर चढवणार. ही परतीची लाइन मी बसवायची. "तू तिकडं मिलमधी दिवसभर पाइपच तर जोडतो," काका म्हणाले. जोडतो. पण रोलिंग मिलमध्ये माझ्या पाइपातलं पाणी तापलेल्या लोखंडावर पडतं, तिथं शोभा बघायला कोणी थांबत नाही. इथं काकांना पाण्याचा आवाज नको होता, शिंतोडे नको होते आणि पाइप दिसायलाही नको होता.

म्हणून मी पाइपाचं तोंड वरच्या टँकात पार तळाशी नेलं. आवाज बंद. काका खूष. मी हळूच विचारलं, "काका, लाइट गेली तं?"

काका दुखावलेच. "हे छत्तीसगड आहे. इथं लाइट जात नाही. ते तुमच्याकडं."

जणू मी गावाहून येताना लोडशेडिंग पिशवीत घालून आणलं होतं. "हो काका," मी म्हणालो.

आणि लाइट खरंच गेली नाही. काकूंनी ती घालवली.

पूर्वी कधीतरी रेल्वे क्वार्टरात वायर जळली होती. तेव्हापासून या घराची रीत अशी, की बाहेर पडताना आधी गॅस बंद, मग मेन स्विच बंद, मग कुलूप. चप्पल घालायची एक वेळ राहील, मेन राहणार नाही. माझी खोलीही त्याच मीटरवर. पंखा थांबला की मी समजतो, मंडळी बाहेर गेली. तरीही मेन बंद झाला की पंपही बंद होणार, हे मला सुचलं नाही आणि काकांनाही नाही. एवढी अक्कल एकाच कंपाउंडात नांदत होती.

त्या रविवारी काका-काकू नात्यातल्या लग्नाचं कापड घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात गेले. पंखा थांबला. मी कूस बदलली. थोड्या वेळानं हॉलकडून घळघळ ऐकू आली. व्हरांड्यात जाऊन पाहतो तर दाराखालून पाणी बाहेर येतंय. खिडकीतून दिसलं, की वरचं पाणी माझ्याच पाइपातून उलटं खाली चाललंय आणि खालचा टँक भरून हॉलमध्ये सांडतोय. मासोळ्या तळाला एकमेकींवर लोळत होत्या. मला त्यांच्या जागी माझीच ट्रंक आणि गादी दिसली, गेटबाहेर.

मेन व्हरांड्यातच होता. चालू केला. पंपानं खाली उरलेलं पाणी वर चढवलं, मासोळ्या पोहायला लागल्या. घराला कुलूप, म्हणून मी दाराखालून जेवढं फडकं आत जाईल तेवढी फरशी पुसत बसलो.

काका-काकूंनी परत येऊन दार उघडलं तर सोफ्याचे पाय पाण्यात. मी झालं ते सांगितलं. "मेन काहून बंद केला?" काका ओरडले.

"मंग तुमच्या मासोळ्यांसाठी घर जाळू?" काकू म्हणाल्या.

मग दोघंही माझ्याकडं वळले, कारण भाडेकरू मी होतो. "चुकलं काका," मी म्हणालो. वाक्य तयारच होतं.

काका मला घेऊन मासोळ्यांच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "भैया, पाइप में पानी के लेवल से ज़रा नीचे छोटा सा छेद कर दो. पंप रुकेगा तो छेद से हवा जाएगी, पानी वहीं रुक जाएगा."

मी मिलमधल्या दोस्ताचं ड्रिल आणलं. काकू चहा घेऊन आल्या आणि टँकासमोरच थबकल्या. "भोकातून पाणी उडंल, सोफा पुन्हा भिजंल. भोक कायले पाडता? हा आहे ना! आपण गेलो की हा इथं बसंल, मेन चालू ठेवंल."

काकांना लगेच पटलं. भोक पाडण्यापेक्षा माणूस बसवणं त्यांना नोकरीपासून सवयीचं. घराची दुसरी किल्ली माझ्या हातात आली. "आता तू खोली सोडून कुठं जाऊ नको बाप्पा," काकू म्हणाल्या. मी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.

आता काका-काकू माझी शिफ्ट विचारून बाजाराला जातात. निघताना काकूंचा हात सवयीनं मेनकडं जातोच. "काकू," मी म्हणतो. हात मागे येतो. मग मी फुगलेल्या सोफ्यावर, त्यांच्या पंख्याखाली, मासोळ्यांसमोर बसतो.

दोस्त ड्रिल परत मागतोय. देऊन टाकतो एकदाचं. ते घरात पडलं आणि उद्या काकांना पुन्हा भोक आठवलं, तर माझं काय?