लालठिपक्यांचे दहा सेंटिमीटर

लालठिपके हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासणीच्या टेबलावर बसले, आणि मापात न बसणाऱ्या प्रत्येक भागावर बारीक ब्रशने लाल ठिपका देणं हे त्यांचं काम होतं. ठिपका पडला की तो भाग भंगारात गेला. मग साहेब येऊन विनवण्या करो की डोळे वटारो. पुढे कामगारांनी तो ठिपका माणसालाच चिकटवला. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळावरसुद्धा ‘लालठिपके यांस’ असंच कोरलेलं होतं. ते घरी नेऊन त्यांनी आधी रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, तर दिवसाला चार सेकंद मागे पडत होतं.

अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे खायचं काम नव्हे. सुताराने लावलेलं कपाटाचं दार दीड मिलिमीटर उतरतंय हे त्यांनी त्याला तीनदा फोन करून सांगितलं. चौथ्यांदा सुताराने फोनच उचलला नाही. पण त्यांची बायकोही काही कमी नव्हती. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई. गळ्यात कायम टेप, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधूनही जे बोलायचं ते नेमकं बोलणारी. लालठिपक्यांच्या कामावर ठिपका देण्याची हिंमत घरात तिचीच होती.

कारखान्याबाहेर त्यांना एकच नाद होता, तो प्लास्टिकच्या रणगाड्यांचा. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे, सुटे भाग डब्यात भरून येणारे, घरी बसून चिकटवायचे. बाकीचे लोक ते जोडतात, रंगवतात, काचेच्या कपाटात मांडतात. लालठिपके ते तपासायचे. छंदिष्टांच्या एका त्रैमासिकात त्यांचं सदर होतं, आणि त्यात दोनच गोष्टींना गुण मिळत: माप आणि जुळणी. माप म्हणजे हा रणगाडा खऱ्याबरहुकूम आहे का, आणि जुळणी म्हणजे त्याचे भाग एकमेकांत मुकाट्याने बसतात का. डब्यावरच्या चित्राला ते हिंग लावूनही विचारत नसत. त्यांनी पास केलेलं किट लोक डोळे मिटून घेत, आणि नापास केलेलं दुकानात धूळ खात पडे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं संपादक येता-जाता म्हणायचा, आणि लालठिपके ते ऐकून घ्यायचे.

त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर एक बाग आहे आणि बागेत, चौथऱ्यावर, एक जुना रणगाडा. मुलं चढून चढून त्याची पाठ गुळगुळीत झाली आहे. मोठ्या कंपन्यांना या रणगाड्याचं काही सोयरसुतक नव्हतं; त्याचं किट काढलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका साचेवाल्याने. हा बाटल्यांच्या झाकणांचे साचे बनवणारा माणूस. घरामागच्या शेडमध्ये चार वर्षं खपून त्याने त्या रणगाड्याचे पोलादी साचे एकट्याने कोरले, आणि छापून निघालेला पहिला डबा मोठ्या आशेने लालठिपक्यांकडे पाठवला.

लालठिपके बायकोला घेऊन बागेत गेले, दिवसभर टेप लावली, घरी येऊन किट मोजलं आणि निकाल लिहिला. जुळणी, दहापैकी नऊ. माप, दहापैकी तीन. रणगाड्याचं खालचं धड, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना चाकं असतात तो पेटीसारखा भाग, जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड होतं. बाकी सगळी मापं बरोबर, पण धडच आखूड म्हटल्यावर उरलं काय? शेवटी त्यांनी लिहिलं, ‘कर्त्याने एकदा तरी बागेत जाऊन टेप लावण्याची तसदी घेतली असती तर ही वेळ आली नसती.’ हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की अंक छापून आल्यावर त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, “तो गेला नव्हता हे तुम्हाला कोणी सांगितलं?” लालठिपक्यांनी अंक मिटून ठेवला.

त्या किटने पुन्हा डोकं वर काढलं नाही. साचेवाला झाकणांकडे परत गेला. त्याने उलट उत्तर पाठवलं नाही, भांडण केलं नाही. असे मुकाट बसणारे लोक लालठिपक्यांना मनापासून आवडायचे.

अकरा वर्षांनी डबा आला. तोच रणगाडा, नवा खोका, आणि आत एक चिठ्ठी: ‘आपण दाखवलेली चूक दुरुस्त केली आहे. उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. पुन्हा एकदा पाहावे.’

लालठिपक्यांनी धड व्हर्नियर मोजपट्टीच्या जबड्यात धरलं. एकशे बहात्तर मिलिमीटर. बागेतल्या मापाला पस्तीसने भागलं की येतं तेवढंच, ना केसभर कमी ना केसभर जास्त. त्यांचा ऊर भरून आला. जन्मभर लोकांना चुका दाखवल्या, पण अकरा वर्षांनी चूक दुरुस्त करून परत येणारा हा पहिलाच. किट जोडून होईपर्यंत गुण लिहायचे नाहीत हा स्वतःचाच नियम मोडून त्यांनी पेनाने कागदावर लिहिलं, ‘माप: दहापैकी दहा.’

मग त्यांनी चाकं बसवली आणि चाकांभोवतीची चेन ओवायला घेतली. घोडं पेंड खायला लागलं ते इथे. बागेतल्या रणगाड्याच्या एका बाजूच्या चेनमध्ये ब्याण्णव कड्या आहेत. त्या बायकोने मोजल्या होत्या, आणि टाके मोजण्यात जन्म घालवलेल्या बाईच्या मोजण्यावर लालठिपक्यांचा पूर्ण विश्वास होता. ब्याण्णव कड्या ओवल्या तर चेनची टोकं एकमेकांना भेटेनात. एक कडी वाढवली, तरी फट राहिली. आणखी एक वाढवली, तर चेन सैल नाडीसारखी लोंबायला लागली. अर्धी कडी काही खऱ्या रणगाड्याला लावत नाहीत. त्यांनी भिंग घेतलं. तिसऱ्या आणि चौथ्या चाकाच्या मधे रिव्हेटची ओळ जरा विरळ झाली होती, आणि तिथेच प्लास्टिकवर दोन पुसट उभ्या रेघा होत्या. रेघांमधलं अंतर निघालं दोन पूर्णांक शहाऐंशी मिलिमीटर. लालठिपक्यांना साच्यातलं कळत होतं. साचेवाल्याने साच्याचे दोन ठोकळे मधोमध उघडून त्यात पोलादाची पट्टी घातली होती, तेवढं धड लांब व्हावं म्हणून.

त्यांनी स्टूल घेतलं आणि कपाटावरून जुनं धड काढलं, अकरा वर्षांपूर्वीचं, लाल ठिपका दिलेलं. त्यावर चेन ओवली. ब्याण्णवावी कडी आपण होऊन जागेवर बसली.

बायको दारात उभी होती. लालठिपके म्हणाले की माप बरोबर असून जुळणी बिघडली, असं आपण जन्मात पाहिलं नाही. ती म्हणाली की मग माप पुन्हा घ्यावं, त्यात एवढं काय. त्यांनी सांगितलं की माप आपण स्वतः घेतलं आहे. “म्हणून तर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं बागेत गेले. बायकोने टेपचं टोक धरलं आणि लालठिपके रणगाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन वाकले.

“शून्यावर धरू की दहावर?” तिने तिकडून विचारलं.

“दहावर,” ते सवयीने म्हणाले. त्यांच्या टेपचं टोकाचं कडं वर्षानुवर्षं सैल होतं, आणि सैल कड्यावर तपासनीस भरवसा ठेवत नाही. तो टेप दहाच्या खुणेवर धरतो आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करतो. कारखान्यात हे त्यांनी पन्नास जणांना शिकवलं होतं.

“सहाशे दोन,” त्यांनी मोठ्याने वाचलं. अकरा वर्षांपूर्वी वाचलं होतं तेच, तेवढंच. चला, सुटलो, असं वाटून त्यांनी वही उघडली.

“म्हणजे पाचशे ब्याण्णव,” बायको तिकडून म्हणाली.

लालठिपक्यांनी टेपवरचा आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी तिला टोक शून्यावर धरायला सांगितलं. पाचशे ब्याण्णव.

घरी आल्यावर त्यांनी जुनी डायरी काढली. त्या दिवसाचं पान अगदी नेटकं होतं. प्रत्येक मापापुढे आकडा आणि त्याच्यापुढे ‘वजा दहा’. फक्त सगळ्यांत शेवटी घेतलेल्या धडाच्या लांबीपुढे एकटाच ६०२, आणि त्याच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात, ‘माळी शिट्टी वाजवतो आहे.’ बाग बंद व्हायची वेळ झाली होती आणि ते घाईत होते. दहा सेंटिमीटर पस्तिसाव्या हिश्शात किती होतात हे त्यांना मोजून पाहायची गरज नव्हती.

दोन दिवस असेच गेले. जेवायला बसायचे आणि उठायचे. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही भीती. कारण खरं सांगायचं तर काही करायची गरजच नव्हती. नवं किट त्यांच्या छापलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळत होतं. दहा गुण द्यावेत, चेनबद्दल दोन ओळी लिहाव्यात, अळीमिळी गुपचिळी. साचेवाला धन्य होईल. आणि तोंड उघडलं तर काय सांगायचं त्याला? की तुझा साचा बरोबर होता आणि माझ्या शब्दावर तू तो बिघडवलास? हे ऐकून त्याचं काय भलं होणार आहे? असं सगळं त्यांनी तिसऱ्या दिवशी बायकोपुढे मांडलं. त्यांचा निम्म्याहून जास्त निर्णय झालेला होता, आणि हे तिला समजत होतं.

“बरोबर आहे,” ती हातातलं शिवण खाली न ठेवता म्हणाली. “तोही खूश, तुम्हीही खूश. चुकला तो एकटा बागेतला रणगाडा.”

लालठिपक्यांनी डायरी पिशवीत घातली, व्हर्नियर खिशात घातला आणि चपला शोधायला लागले.

साचेवाल्याच्या शेडमध्ये तेलाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास होता. भिंतीला झाकणांची पोती टेकवून ठेवलेली होती. साचेवाले वयाने त्यांच्याच बरोबरीचे निघाले, बारीक चणीचे, जाड चष्म्याचे. पाहुणा कोण हे कळल्यावर त्यांनी घाईघाईने फडक्याने स्टूल पुसलं. लालठिपके बसले नाहीत. त्यांनी डायरीचं पान उघडून पुढे धरलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दहावर धरलेली टेप, शिट्टी, ब्याण्णव कड्या. सांगताना त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही. दुसऱ्यांच्या बाबतीत कधी केला नव्हता, तर स्वतःच्या बाबतीत कसा करणार?

साचेवाल्यांनी चष्मा काढून पान जवळून वाचलं. त्या एका आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“मी चारदा गेलो होतो बागेत,” ते म्हणाले. “चारही वेळा पाचशे ब्याण्णव. मग तुमचा लेख वाचला. म्हटलं, एवढा मोठा माणूस लिहितोय म्हणजे आपलीच टेप खोटी असणार. फेकून दिली ती. मग झाकणं सोडून दुसरं काही करायला हातच धजेना. गेल्या वर्षी म्हटलं, मरण्याआधी एवढी चूक तरी दुरुस्त करावी.”

लालठिपक्यांना माफी मागायची होती. पण ती चार वर्षं आणि ही अकरा वर्षं, याची वजाबाकी कुठल्या डायरीत करायची हे त्यांना कळत नव्हतं. चूक कबूल केली की छातीवरचं ओझं उतरतं असं लोक सांगतात. त्यांचं तसूभरही उतरलं नाही.

साचेवाले वळले. फळीवरून धडाचा साचा त्यांनी दोन्ही हातांनी खाली आणला, बोल्ट सैल केले आणि दोन ठोकळ्यांमधून एक पोलादी पट्टी ओढून काढली. बोटाएवढी लांब, आरशासारखी घासलेली. ती त्यांनी लालठिपक्यांच्या तळहातावर ठेवली.

“मोजा,” ते म्हणाले.

लालठिपक्यांनी व्हर्नियर काढला. कोपर टेबलाला टेकवलं. पट्टीची जाडी एका टोकाला मोजली, मधे मोजली, दुसऱ्या टोकाला मोजली. तिन्ही ठिकाणी दोन पूर्णांक शहाऐंशी.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला,” साचेवाले म्हणाले. “ऐकलं, पण या पट्टीसाठी.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि लालठिपक्यांना तो असता तर बरं झालं असतं. साचेवाल्यांनी पट्टी परत मागितली नाही. त्यांनी पट्टीशिवायच दोन ठोकळे एकमेकांना लावले आणि लालठिपक्यांना म्हणाले की जरा तिकडचा धरा. लालठिपक्यांनी धरला. बोल्ट आवळून झाल्यावर दोघांनी मिळून साचा खिडकीपुढे उचलला, आणि लालठिपके जवळ जाऊन, एक डोळा मिटून, सांध्यातून उजेड येतो का ते पाहायला लागले. उजेड येत नव्हता.